कोमट तेलाची वाटी

बुधवार, दिवेलागण. पूर्णा.

साबणानं हात धुतले तरी त्या पोटरीची धग जाईना.

सकाळी केवळबाईच्या बाळंतीण सुनेला चोळायला गेले. ओसरीत लुगड्याचा आडोसा केला, वाटीभर तेल कोमट करून बाजेखाली ठेवलं. हात लावला तर डावी पोटरी टम्म, तव्यावानी गरम. उजवी बरी. परभणीला दर रविवारी मालिशचा पुढचा कोर्स करायलेय, तिथं शिकवणाऱ्या बाईनं गेल्याच खेपेला सांगितलं, एकच पाय असा सुजला तर चोळायचा न्हाई. आत रक्ताची गाठ असती, चोळली की सुटून छातीत जाती.

मी हात काढला. म्हणलं, आत्ताच दवाखान्यात न्या.

केवळबाई हसली. "म्हातारपणी शाळेत काय गेलीस, हाताला भाव चढला व्हय? माझ्या बाळंतपणात तूच चोळलीस की!"

बाजेवरची पोरगी म्हणली, "मावशी, चोळा ना. लय ठणकायलंय."

"कुणीबी हात लावू नका," म्हणून ओरडले. तिच्या नवऱ्याला फोन लावला. रेल्वेत ड्युटीवर. म्हणला, संध्याकाळी नेतो. तिथंच बसून राहायला पायजे होतं का? दुसऱ्या घरी बाळ न्हाऊ घालायचं होतं. गेले.

आत्ता परत गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणली, दुपारी पोरीचा दम कोंडला, जीपमधी घालून परभणीला नेलं. फोन कुणी उचलीना.

ओसरीत बाज तशीच. खाली वाटी. मी भरून ठेवली होती.

तळाला थेंब न्हाई.