चेटकिणीचं चालणं

नांदगाव,
८ डिसेंबर १९८६

प्रिय हरिश्चंद्र,

पडद्यावर तुझं नाव नुसतं 'हरीश' असं आलं, तरी मी पूर्णच लिहितेय. बाबांनी हौसेने ठेवलेलं नाव आहे, तुला लाज वाटत असेल तर वाटो. आणि घरातलं 'हरी' आज माझ्या लेखणीतून उतरायला तयार नाही. मी रागावले आहे. तू मुंबईत कौतुकाची पत्रं फोडत बसला असशील, त्यांत हे मिसळून जाऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

तुझा 'पाताळविहीर' पाहिला. शाळेतली बेचाळीस मुलं एस.टी.त कोंबून कणकवलीच्या टॉकीजला नेली. महिनाभर मी नुसती मिरवत होते, आपल्या लहानपणच्या गोष्टीचा माझ्या भावाने सिनेमा काढलाय म्हणून. तुझं नाव आलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या. मग तुझी विहीर दिसली. काचेच्या पायऱ्या काय, भिंतींतून पोहणारे चंदेरी मासे काय, पाण्याखाली पेटलेली झुंबरं काय! मुलं आ वासून बघत होती, आणि खोटं कशाला बोलू, मीही बघत होते. परसातल्या आपल्या शेवाळलेल्या विहिरीत डोकावून तुला एवढं सगळं सुचलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग तुझी नायिका आली. पायांत पैंजण, केसांत मोती. चांदीच्या साखळीवरून घसरत, गाणं म्हणत, एका दमात तळाशी पोचलीसुद्धा.

अरे, एका दमात पोचली तर गोष्ट उरली कुठे? पाताळराजा सूर्य चोरून विहिरीच्या तळाशी नेतो. गावातले धट्टेकट्टे गडी एकामागून एक धावत उतरतात आणि वाट चुकतात, कारण वाट ठाऊक असते फक्त पायऱ्यांना, आणि दोन्ही पाय टेकून जो थांबेल त्याच्याशीच पायरी बोलते. गावातल्या लंगड्या मुलीला मात्र प्रत्येक पायरीवर थांबावंच लागतं. म्हणून हजार पायऱ्या तिला वाट सांगतात आणि सूर्य पदरात बांधून तीच तेवढी वर येते. तू तीनशे काचेच्या पायऱ्या बांधल्यास म्हणे, छापून आलं होतं. त्यांतल्या एकीवर तरी कुणाला थांबवलंस का?

तुला ही गोष्ट कुणी सांगितली, हे तुला मुलाखतीत आठवलं नाही. मी सांगते. तुला हिवताप आला होता तेव्हा उशाशी बसून मीच ती सांगितली, तू सहा वर्षांचा आणि मी सोळा. बरा झाल्यावर तू दोन दिवस अंगणात लंगडत फिरलास. तू मला चिडवतोयस असं वाटून बाबांनी फोक उचलला, आणि मी मध्ये पडून सांगितलं की त्याला मारू नका, तो गोष्टीतली लंगडी झालाय. तुझ्या वाटणीचा फोक माझ्या दंडावर बसला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्यासारखं चालावंसं वाटणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

मध्यंतरानंतर तुझी चेटकीण आली. गोष्टीत चेटकीण नाहीच, ती तू आणलीस. उजवा हात मांडीवर दाबून, कंबरेतून झुकून, पाऊल ओढत येणारी. चार पावलं झाली की डाव्या हाताने पदर सावरून पुन्हा पुढे. हरिश्चंद्र, चार पावलांनी पदर सावरते ती मी. पुढच्या रांगेतली मुलं आधी घाबरली, मग हसली, आणि मग एकेक करून मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी पडद्याकडे बघत राहिले. उठून बाहेर गेले असते, तर पुन्हा चालावंच लागलं असतं.

गेल्या वर्षी चतुर्थीला तू तो छोटा कॅमेरा घेऊन आला होतास. मी शाळेची घाटी चढतेय आणि तू खालून वरून चित्र घेतोयस. कशाला रे, विचारलं तर म्हणालास, "माई, आठवण म्हणून गो. तू चल, माझ्याकडे बघू नको." मी आपली वेडी, दोनदा चढून दाखवली! दुसऱ्या वेळी तर नवं लुगडं नेसून. ती आठवण तू कुणा नटीला दाखवलीस आणि असं चाल म्हणून शिकवलंस. नायिकेचा पाय तुला कुरूप वाटला, तो काढून चेटकिणीला लावलास. एवढा पैसा, एवढे दिवे, आणि डोकं मात्र कुणालाही सुचेल तेवढंच चालवलंस.

बावीस वर्षं मी त्या घाटीवरून जातेय. परवापर्यंत कधी मनात आलं नव्हतं, पण सिनेमानंतर तीन दिवस मी मुलं यायच्या आत शाळेत जाऊन बसले. मी, पन्नाशीला टेकलेली बाई! त्याचीही मला चीड आली. आणि मी तर निभावून नेईन. माझ्या चौथीत सावित्री आहे, महादू काजूवाल्याची मुलगी. पोलिओने तिचाही एक पाय असाच. पाढ्यांत तिचा हात कुणी धरत नाही. ती गेल्या सोमवारपासून शाळेत नाही. मी घरी गेले तर महादू दारातच म्हणाला, "बाई, माझां चेडू आता शाळेत येवचां नाय. पोरां तेका चेटकीण म्हनतत." सावित्री आत पाठ फिरवून बसली होती. मी पाताळविहिरीची खरी गोष्ट तिला सांगितली. तिने पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "बाई, तुमी खोटां सांगतास. सिनेमात तसां नाय." माझ्या शब्दापेक्षा तुझा पडदा मोठा ठरला.

गेल्या गुरुवारी सत्कार समितीचे भाई शाळेत आले. एकवीस तारखेला कणकवलीत तुझा सत्कार आहे आणि शाल मी द्यावी अशी त्यांची इच्छा. "बाई, तुमका चलूचो त्रास नको, आदीच स्टेजवर बसवतंव," म्हणाले. मी नको म्हटलं. मी शेवटच्या दारातून येणार आहे, सगळ्या सभागृहातून, मला येतं तसं चालत. बरोबर सावित्री असेल. महादू आधी नाहीच म्हणाला, चौथ्या खेपेला कबूल झाला. आम्हाला वेळ लागेल, तोवर माईक तुझ्या हातात असेल. त्या लंगडीची गोष्ट, जशी मी तुला सांगितली तशी, सगळ्यांसमोर तू सांगायचीस. चेटकिणीची चाल कुठून आणलीस तेही सांगायचंस. हे ऐनवेळी कळू नये म्हणून हे पत्र. शाल मी सावित्रीच्या हातात देणार आहे. ती तुझ्या खांद्यावर घालायची की परत घेऊन जायची, हे तुझं बोलणं ऐकून ती ठरवेल. मी तिला काहीही शिकवून आणणार नाही.

तुझीच, अजून तरी,
माई