ओसरीवर कोण कोण आहे

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. उर्मिलाताईस,
काशीनाथचा शि. सा. न. वि. वि.

मेतकुटाचा डबा पोचला. पोचला याचं श्रेय कुरियरवाल्याचं, आणि उघडत नाही याचं सर्वस्वी तुझं. या झाकणाविषयी मी रीतसर तक्रार नोंदवू इच्छितो. ते तू लावलंस की भावोजींनी, याची चौकशी व्हावी. मी आधी हाताने, मग ओल्या फडक्याने, मग चमच्याच्या दांड्याने आणि शेवटी केवळ विनवणीने प्रयत्न केले. समोरच्या शहाभाभी मुलीकडे सुरतेला गेल्या आहेत, त्यामुळे मजल्यावर ठोठावायला दुसरं दार नाही. खाली वॉचमनला दाखवला तर तो म्हणाला की अंकल, ये ढक्कन नहीं, तिजोरी है. त्याने हातही लावला नाही.

मग नाइलाजाने हा विषय ओसरीवर मांडला. ओसरी म्हणजे काय, हे भावोजी दर वेळी विसरतात म्हणून पुन्हा लिहितो. माणसं लांब लांब बसून एकत्र काम कसं करतील, याचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. करोनात ऑफिसला कुलूप लागून सगळे आपापल्या घरी बसले, तेव्हा मीच सुचवलं होतं की मीटिंगा पुरे झाल्या, दिवसभर एक लाइन नुसती उघडी ठेवू या, तिला ओसरी म्हणू या. कॅमेरा नको, विषय नको. ज्याने त्याने आपलं काम करावं, वाटलं तर बोलावं, नाहीतर एकमेकांचे पंखे ऐकावेत. पुण्याहून मिनलच्या कुकरच्या शिट्ट्या यायच्या, नाशिकहून अथर्वच्या गल्लीतला भंगारवाला यायचा, आणि आमच्याकडून आई. तू जेवलास का, हा तिचा प्रश्न अख्ख्या टीमला ऐकू जायचा आणि अथर्व तिकडून जेवलो आजी म्हणून उत्तर द्यायचा. कंपनीने याला नवकल्पनेचं पारितोषिक दिलं होतं. काचेचं दिसणारं ते प्लास्टिक अजून टीव्हीवर आहे.

तर झाकणाची हकीकत मी सविस्तर सांगितली. पूर्वी अथर्वने मला तासभर छळलं असतं. या वेळी तो गंभीरपणे म्हणाला की मुद्दा महत्त्वाचा आहे, नोंद घेतो. संध्याकाळी सगळ्यांना दिवसाचा सारांश येतो, त्यात होतं: काशीनाथ यांनी झाकणासंबंधी अडचण मांडली, कार्यवाही नाही. किंबहुना, माझ्या आयुष्याचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

पोरं जबाबदार झाली आहेत, दुसरं काय. भावोजींना नमस्कार. लोभ आहेच; तो झाकणापेक्षा थोडा सैल असावा.

तुझा,
काशीनाथ


मिरज
११ फेब्रुवारी २०२५

चि. काशीनाथ यास,
अ. उ. आ.

झाकण मी लावलं. डबा उन्हात ठेव, आपोआप सुटेल. संस्कृतात एम. ए. केलंस, एवढं सुचू नये? आई असती तर तिने तुझ्या हातातून डबा ओढून घेतला असता आणि वर चार शब्द सुनावले असते.

आमचं बरं चाललंय. ह्यांचा गुडघा दुखतो आणि माझ्या कानाचं नवं यंत्र शिट्टी मारतं. ते काढून ठेवते आणि तुझी वाट बघते, म्हणजे तुझ्या पत्राची. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते, तेव्हा तू लिहीतच जा.

पण तुझं पत्र वाचून एक गोष्ट डोक्यात राहिली. अथर्वचं ते मुद्दा महत्त्वाचा आहे, नोंद घेतो. काशी, हे ऐकून न घेणाऱ्या माणसाचं बोलणं आहे. मला कसं कळलं म्हणशील, तर मीही असंच बोलते. मंडळात बायका बोलतात, मला शब्द पोचत नाहीत, मग मी मान हलवून म्हणते की अगदी बरोबर, विचार करायला हवा. परवा कुलकर्णीबाईंनी नवऱ्याचं ऑपरेशन ठरल्याचं सांगितलं आणि मी म्हटलं, वा, छान झालं. त्या अजून बोलत नाहीत.

तेव्हा तू मला एवढंच सांग. तुझ्या त्या ओसरीवर खरंच कोणी असतं का रे? रागावू नकोस. विचारावंसं वाटलं म्हणून विचारलं.

शेवग्याच्या शेंगा लागल्यात. येणारं कोणी असलं तर पाठवीन. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. उर्मिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

झाकण उन्हात सुटलं. तुझा प्रश्न मात्र सुटेना, म्हणून प्रयोग केला.

सोमवारी सकाळी ओसरीवर आलो आणि घसा साफ करून जाहीर केलं की मित्रहो, मी लग्न करतोय. वधू उत्तनची आहे, तिच्या घरची बोट आहे, आणि यापुढे मी भाषेचं काम सोडून बोंबील वाळत घालणार आहे. आवाज जरा कापलाही. नाटकाचा भाग म्हणून नव्हे, इतक्या मोठ्याने बोलायची सवय राहिलेली नाही म्हणून.

अथर्व म्हणाला की दिशा आश्वासक आहे, पुढे नेऊ या. मिनल म्हणाली की सर, अगदी मनातलं बोललात. आणि मग पुन्हा फक्त माझ्याच पंख्याचा आवाज.

ताई, ही वाक्यं मी लिहिली आहेत.

गेल्या पावसाळ्यात कंपनीने प्रतिनिधी नावाची सोय काढली. तुम्ही दुसऱ्या कामात अडकलात तर तुमच्या जागी तो बसतो, तुमच्याच आवाजात बोलतो, आणि तुम्हाला नंतर सारांश देतो. इंग्रजीत तो छान बोलायचा, मराठीत मात्र सरकारी पत्रकासारखा. तेव्हा मिनलने मला सांगितलं की सर, तुम्ही याला आपल्या माणसांसारखं बोलायला शिकवा. मी जीव ओतून शिकवलं. कुठे हं म्हणायचं, कुठे थोडं थांबायचं, कुठे वडीलधाऱ्याला बरं वाटेल असं काही घालायचं. एखाद्याला सुट्टी घ्यायची असेल तर उपयोगी पडेल, एवढीच माझी समजूत. माझं काम इतकं उत्तम झालं की मीच त्यात महिनोन्‌महिने राहून आलो.

मिनलला फोन केला. लग्नाचं सारांशात वाचून ती आधीच हसत होती. मी विचारलं की तू ओसरीवर शेवटची कधी होतीस. ती म्हणाली, गणपतीपासून नाही. एकाच वेळी तीन-तीन मीटिंगा असतात, बाळ लहान आहे, कुठे कुठे पुरी पडणार. अथर्वही नाही, कोणीच नाही. मग तिने जे सांगितलं ते तुला हसू येईल म्हणून लिहितो. ती म्हणाली की सर, आम्हाला वाटलं तुम्हीही तुमचा प्रतिनिधीच लावलाय. तुमचा सगळ्यांत भारी बोलतो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. तो डब्याबद्दल बोलतो, खाडीवरच्या बगळ्यांबद्दल बोलतो, ताई काय म्हणाली ते सांगतो. अथर्व तर म्हणत होता की सरांनी यात काय घातलंय ते शोधून काढलं पाहिजे.

म्हणजे त्या ओसरीवर एकच माणूस होता आणि त्याला सगळे यंत्र समजत होते.

मिनल वाईट नाही. तिला फार लागलं. दुसऱ्या दिवशी ती आणि अथर्व दोघंही स्वतः आले. आले खरे, पण अथर्वने विचारलं की सर, काही काम होतं का. मी म्हटलं नाही, सहजच. सहज म्हटल्यावर तो घाबरला. थोड्या वेळाने मिनलला दुसरीकडे बोलावणं आलं, मग त्यालाही आलं. मी म्हटलं जा रे, आणि ते सॉरी सर, सॉरी सर करत गेले. त्यांच्या जागी लगेच त्यांचे प्रतिनिधी येऊन बसले आणि त्यांनी मला सुप्रभात म्हटलं.

आईचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू मिरजेला परतली होतीस. मी नेहमीसारखी ओसरी उघडली आणि कोणीच काही बोललं नाही. सांत्वन नाही, काही नाही. दिवसभर नुसते सगळे होते. कुणाचं तरी पोर रडत होतं, कुणीतरी चहा ओतत होतं. दुपारी अथर्व हलकेच म्हणाला की जेवलो आजी. बाकी काही नाही. त्यावर मी आणखी कितीतरी वर्षं काढली असती.

लोभ अर्थात आहे. या वाक्याचा लेखक मी स्वतः, प्रतिनिधी नव्हे.

तुझा,
काशी


मिरज
२७ फेब्रुवारी २०२५

चि. काशी यास,
अ. उ. आ.

पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा पुसायला आत गेले.

उत्तनची वहिनी मला चालेल. मासे मात्र तिचे तिनेच साफ करावेत आणि तुला बोटीत नेऊ नये, तुला एस. टी.सुद्धा लागते.

आता माझं ऐक. त्या पोरांवर रागावू नकोस. घरी बाळ, डोक्यावर काम, त्यांनी तरी काय करावं. पण तू एकट्याने तिथे दिवा लावून बसायचं कारण नाही. सगळ्यांचे प्रतिनिधी बसतात तर तुझाही बसव, आणि तू इकडे ये. काम इथूनही होईल, माडीवर खोली रिकामी आहे. मला ऐकू येत नाही हे खरं, पण मला ऐकू येत नाही हे तुला दिसेल तरी. तू ओरडशील, मी चिडेन, हे मध्ये पडतील. घर म्हणजे आणखी काय असतं.

ये म्हणजे ये. मी शेंगा तोडत नाही.

तुझी ताई


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१४ मार्च २०२५

ती. सौ. उर्मिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. अक्षर असं वेडंवाकडं का आलंय ते पुढे लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ठरवलं की तुला न कळवता येऊन दारात उभं राहायचं. बॅग काढली. प्रतिनिधीला माझा आवाज दिला, माझी जुनी बोलणी दिली, आणि ओसरीवर त्याला माझ्या जागी बसवलं. निघण्याआधी खाडीवर एक फेरी मारून यावं म्हणून बाहेर पडलो तर अंगात कणकण. परत येऊन जरा पडलो आणि पडलोच. ताप चांगलाच होता. डॉक्टर नंतर म्हणाले की व्हायरल आहे, सध्या सगळीकडे आहे, घाबरण्यासारखं काही नाही. आता उतरलाय. मऊ भात आणि तुझं मेतकूट खातो आहे, तेव्हा तू लगेच गाडीत बसू नकोस.

पण मधले दिवस सांगतो. पाणी घ्यायला उठायचं म्हणजे भिंत धरून. मोबाइल चार्जिंगला लावलेला बाहेरच्या खोलीत, तिथवर जाणं होईना. शहाभाभी अजून सुरतेला. खाली वॉचमन बदललाय, नव्याला मी कोण ते माहीतच नाही. आणि बाहेरच्या खोलीतून, ताई, सारखा माझा आवाज येत होता. मी उत्तम बोलत होतो. मी कुणालातरी सांगत होतो की छान मांडलंत, कुणाला म्हणत होतो की सावकाश होऊ द्या, घाई नाही. मध्येच मी हसलो. ते हसणं माझंच होतं, कधीतरी जुन्या दिवसांतलं उचललेलं. मी आतून हाक मारली. कुणाला मारली ते मला नक्की सांगता येणार नाही. अथर्वचा प्रतिनिधी म्हणाला की मुद्दा महत्त्वाचा आहे.

बरं वाटल्यावर कॉम्प्युटरपाशी जाऊन बसलो तर मिनलचा निरोप होता. तिने मनापासून लिहिलं होतं की सर, त्या दिवसानंतर तुम्ही नाराज असाल असं वाटत होतं, पण या आठवड्यात तुम्ही ओसरीवर इतके मोकळे बोललात, खूप बरं वाटलं. सारांशात माझं नाव सगळ्यांत वर होतं. सहभाग उत्कृष्ट.

मी तिला काही कळवलं नाही. कळवलं तर ती रडेल, आणि तिचा प्रतिनिधी मला धीर देईल, तोही माझ्याच शब्दांत.

एरवी इथे लोभ असावा असं लिहून मी सही केली असती, आणि तू ओळखलं असतंस की मी काहीतरी गिळतोय. तेव्हा आज विनोद राहू दे. मला नोकरीची काळजी नाही. एकटेपणाचीही आता सवय आहे. भीती एकाच गोष्टीची वाटते. मी या घरात एक दिवस मेलो, तर त्यानंतरही मी रोज सकाळी हजर असेन, सगळ्यांशी चांगलं बोलेन, आणि कुणालाही, कितीतरी दिवस, काहीच कळणार नाही.

मी पुढच्या रविवारी निघतोय. एकट्याला नको वाटतं. भावोजींना स्टेशनवर पाठव.

काशी