पहिलं बाळंतपण माहेरी

बाबा, तुमची नात बाळंत झाली. मुलगी आहे. इथेच, लखनौला, आणि दोघी सुखरूप आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी अशी बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते, त्याला मी काय करू? दुपारची सगळी निजली आहेत, इंदिरा नगरातल्या आमच्या गल्लीत सब्जीवालाही फिरकत नाही, म्हणून स्वयंपाकघरातच कागद घेऊन बसले आहे.

गेले काही महिने जीव टांगणीला लागला होता, बाबा. लेक-जावई अमेरिकेत, दोघंही व्हिसावर. तिथे जन्मलं की बाळ आपोआप तिथलं नागरिक, हा त्यांचा जुना नियम. आता व्हिसावरच्यांच्या मुलांना तो लागू असावा का, यावरून तिकडे कोर्टकचेऱ्या चालल्यात. जावई कानपूरचा, बोलायला गोड. म्हणे, "मम्मी जी, रूल बदलने से पहले वहीं हो जाए तो बच्चे की लाइफ सेट. कल को प्रेसिडेंट भी बन सकता है." आणि आपल्याकडे तर पहिलं बाळंतपण माहेरीच. लेक रोज फोनवर, "मम्मा, बताओ ना, क्या करूँ?" मी शहाण्यासारखी सांगायची, "तुमचं तुम्ही ठरवा गं." ये म्हणायला जीभ शिवशिवायची! पण उद्या मोठं होऊन ते पोर म्हणालं, आजीच्या हौसेपायी माझं नागरिकत्व हुकलं, तर कुठे तोंड लपवू? रात्रंदिवस हीच धास्ती.

अशा वेळी तुम्हीच आठवायचात. तुमच्या फेलोशिपच्या दिवसांत मी तिकडेच जन्मले. आईजवळ ना माहेरचं कुणी, ना सासरचं. डिंकाचे लाडू तुम्ही केलेत, ते वळलेच नाहीत आणि आईने चमच्याने खाल्ले. मी रांगायच्या आत तुम्ही आम्हाला घेऊन इथल्या संस्थेत रुजू झालात. काका किती वर्षं टोमणे मारायचे, "प्रेसिडेंट व्हायची पोर लखनौला आणून टाकलीस!" तुम्ही नुसते हसायचात.

मग शाळेतला तो नागरिकशास्त्राचा तास. मोठेपणी कोण होणार असं मॅडमनी विचारलं आणि मी ठसक्यात सांगितलं, राष्ट्रपती. मॅडम म्हणाल्या, "बेटा, तुम तो अमरीका में पैदा हुई हो. तुम नहीं बन सकतीं." सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघतोय. मी रडत घरी येते, तुम्ही गॅसपाशी पिठलं ढवळताय. वळूनही न बघता म्हणता, "मॅडमची गल्लत झाली. जन्माची अट तिकडे आहे. इकडे देशाचा नागरिक असावं लागतं, पस्तिशी उलटावी लागते, निवडून यावं लागतं. जन्मलीस कुठे, ते कोणी विचारत नाही. म्हणजे तू दोन्हीकडे चालशील. रडतेस कसली? ताटं घे." दुसऱ्या दिवशी मी मॅडमना अदबीने सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा? तो राष्ट्रपति जी, ज़रा ब्लॅकबोर्ड साफ कर दीजिए." तुम्ही त्यावर इतके हसलात की ठसका लागला.

ही गोष्ट मी लेकीला फोनवर सांगितली. तीही खूप हसली. म्हणाली, "मम्मा, प्रेसिडेंट-व्रेसिडेंट छोड़ो. मुझे डर लग रहा है. मुझे तुम्हारे पास आना है." एवढंच ऐकायचं होतं मला! "अगं मग ये की, वाट कसली बघतेस?" पुढे उशीर झाला असता तर विमानात बसूच दिलं नसतं. अमौसीच्या विमानतळावर दारातून ती डुलत डुलत बाहेर आली आणि मला भर गर्दीत रडू फुटलं. जावई मागाहून आला. आता बाळाला मांडीवर घेऊन तासन् तास बघत बसतो, प्रेसिडेंटचं नावही काढत नाही. पोर भारताची नागरिक आहे, दूध पिते आहे, ढेकर देते आहे. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू, बाबा!

शेजारच्या वहिनी बाळाला बघायला आल्या, हळहळल्या, "अरे, वहीं हो जाती तो प्रेसिडेंट बनती!" मी म्हटलं, "तो क्या हुआ, यहाँ की राष्ट्रपति बन जाएगी." अगदी तुमच्या थाटात! काही महिन्यांनी तिघं परत जातील, हे मला कळतं. माझी काही तक्रार नाही. असं मी सगळ्यांना सांगते.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. आज सकाळी पोरीला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि तिच्या कानाशी वाकले. म्हणणार होते, राष्ट्रपती हो. तोंडून निघालं, दिल्लीलासुद्धा जाऊ नकोस गं.