बदली माणूस

प्रिय शेंडेफळा,

दुर्बिणीचा आरसा काल गेला. सकाळी क्रेन आली आणि दुपारी रिकाम्या घुमटात माझाच खोकला घुमायला लागला. आजोबांनी तो आरसा गवतात गुंडाळून खेचरांवरून डोंगरावर आणला, वाटेत पाऊस लागला तेव्हा सगळ्यांनी आपली पांघरुणं त्याच्यावर घातली आणि स्वतः कुडकुडत बसले, ही गोष्ट जेवताना ऐकून ऐकून तुझी तोंडपाठ झाली असेल. उतरताना त्याला कुणी चादरसुद्धा विचारली नाही.

तू गेलास तेव्हा पायथ्याचं गाव मूठभर दिव्यांचं होतं. आता खाली इतका झगमगाट असतो की अंधुक तारे दिसतच नाहीत. शास्त्रज्ञ यायचे कमी झाले, मग बंदच झाले, मग आचारीही गेला. माझ्या हातचं बाबा आणि मी मुकाट्यानं जेवतो, यावरून काय ते समज. वेधशाळा बंद झाली, हे बाबांना कितीदा तरी सांगितलं. मान डोलावतात आणि ऊन कललं की घुमट उघडायला निघतात, कारण अंधार पडेपर्यंत आतली हवा बाहेरच्याइतकी गार व्हायला हवी. आता कशासाठी, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नाही. मी थकले आहे रे.

चार पावलं टाकली तरी त्यांना धाप लागते. ही विरळ हवा त्यांना आणखी एक हिवाळा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण बाबा जागचे हलत नाहीत. बदली माणसानं वर येऊन किल्ली हातात घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हा आजोबांचा नियम. मी किल्ली मागितली तर हसले. म्हणाले, "तू इथलीच. बदली खालून येते."

याच नियमापायी आई खाली दवाखान्यात वारली तेव्हा ते उतरले नाहीत, आणि त्या दिवसापासून तू वर आला नाहीस. त्यांना माफ कर, असं मी म्हणत नाही. ते तुझं तू बघ. फक्त एकदा ये. घुमटाच्या दारात हात पुढे कर आणि म्हण, "मी आलोय, तुम्ही उतरा." तेवढ्यानं ते उतरतील. आईच्या वेळीही ते बॅग भरून दारातच बसले होते. बदली माणूस बर्फात अडकला होता.

तुझीच,
अजून वरच असलेली ताई