डबा टुं वाजला की

नेकनूर, बुधवार, ५ फेब्रुवारी २००३

चालत्या यंत्रापर्यंत अल्ट्रा-वाइडबँड रेडिओलहरी कशा पोचतात, यावर माझा अख्खा प्रबंध. मोजणी इथल्या जिनिंगच्या गोदामात केली. कापसाच्या गाठींआड मी लहरी सोडायचो, पलीकडे चुलतभाऊ दत्तू रिसीव्हरचा डबा ठेवलेला हातगाडा ढकलायचा; नोंद घेताना डबा टुं वाजायचा.

आज चहा पिताना तो सहज म्हणाला, "डबा टुं वाजला की मी थांबायचो. लिवताना डब्याचा हात हालू न्हाई म्हणून."

म्हणजे प्रत्येक नोंद थांबलेल्या गाड्याची? एकही चालती नाही?

उद्या तोंडी परीक्षा. सांगितलं तर तीन वर्षं पाण्यात. आणि लपवलं, अन् परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं तर?

दत्तू मात्र लई खूश. आभाराच्या पानावरची त्याची ओळ त्यानं दोनदा वाचून घेतली: 'गाडा क्षणभरही न थांबवल्याबद्दल.'