पिवळ्या खांबाच्या पुढे

खोलीवरून,
ता. ९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार बसूनच केला आहे, पोटऱ्या वाकू देत नाहीत. हे पत्र आधी एकटा वाच, मग वाटलं तर आईला दाखव.

रविवारी तळ्याभोवतीची शर्यत झाली. माझं काम तुला ठाऊक आहे. सुरुवातीपासून सगळ्यांच्या पुढे, ठरवून दिलेल्या वेगाने पळायचं. म्हणजे मागून येणाऱ्या हरणीला (तिला सगळे हरणीच म्हणतात) वाराही लागत नाही आणि घड्याळही बघावं लागत नाही. पिवळा खांब आला की मी बाजूला व्हायचं आणि तिने पुढे जाऊन जिंकायचं. मला पैसे खांबापर्यंतचे मिळतात, आणि चांगले मिळतात. आईला मी हे सगळं पूर्वीच समजावून सांगितलं आहे. तिने मान डोलावली होती.

तर रविवारी धुकं होतं. पाणी दिसेना, रस्ता दिसेना. नुसता माझ्या बुटांचा आवाज आणि पाठीशी हरणीचा श्वास. थोड्या वेळाने तोही ऐकू येईना. मी पळतेय की रस्ताच खालून सरकतोय, ते कळेना. अंगाला वजन म्हणून राहिलं नव्हतं. लहानपणी झोपेत जिना उतरताना पाय टेकायचेच नाहीत, आठवतं? तसं. आणि खांब आला. दिसला नाही असं म्हणणार नाही, चांगला लख्ख दिसला. शेजारचा माणूस हातवारे करत होता. पण माझे पाय माझं ऐकेनात. मी गेले पुढे, दादा. पार पुलापर्यंत गेले. तिथे एकदम आठवलं की आपण पगारी आहोत, आणि कठड्याला धरून उभी राहिले. हरणी शेजारून निघून गेली.

आमचे साहेब भडकले आहेत. म्हणतात, धुक्यात खांब दिसला नाही असं लिहून दे. पुढच्या हंगामाचा करार तयार आहे, पैसेही वाढवून देतो. नाहीतर दुसरी मुलगी बघतो. दोन ओळींचं खोटं आहे, पण हात चालत नाही. लिहून दिलं की जन्मभर खांबापर्यंतचीच राहीन असं वाटतं. तू काय म्हणतोस? लवकर लिही.

तुझ्या लोभावर जगणारी,
भिंगरी

*

घरून,
ता. १७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
पोटऱ्या सोडून बाकी सर्वांगास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा घाबरलो. अगं, लिहून दे की! दोन ओळींनी कुणाचं काय बिघडणार आहे? पैशाला नाकं मुरडायला आपल्याला परवडत नाही. तुझ्या त्या खांबापर्यंतच्या पैशांतून आपलं छप्पर झालं, आता पावसात गळतं म्हणून पलंग सरकवत बसावं लागत नाही. आई गाढ झोपते. हे काही लहानसहान नाही.

माझंच बघ. वर्षभर झालं, मी काचेच्या कारखान्यात मुकादम आहे. नळी तोंडाला लावून भट्टीपुढे भाजून घ्यायचं संपलं. आता पंख्याखाली बसतो आणि इतरांवर डोळे वटारतो. पगार जवळजवळ दुप्पट. कुणी विचारलं तर मजेत आहे असं सांगतो, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे.

आता एक सांगतो, पण याचा आधार घेऊन काही वेडेपणा करू नकोस. दुपारी सगळे जेवायला गेले की मी नळी उचलतो. भट्टीतून मधासारखी काच उचलून फुंकत बसतो. कशासाठी? कशासाठीच नाही. गोळा फुगत जातो, त्याच्या पोटात सगळी खोली उलटी तरंगते, माझा श्वास मला डोळ्यांना दिसतो. मग कुणाची चाहूल लागली की पुन्हा भट्टीत टाकतो. परवा एका पोऱ्याने पकडलं, तर मी नळी तपासत होतो म्हणून त्यालाच दरडावलं. चाळिशीला आलेल्या माणसाचे हे धंदे!

पण मी हे पगार घेऊन करतो, हे लक्षात ठेव. तूही करार कर आणि मोकळ्या दिवशी हवी तितकी पळ. ऐक माझं.

आई बरी आहे. तुझ्या शर्यतीचं तिला इतकंच सांगितलं की चांगली झाली.

तुझा, रागवायची इच्छा असून न जमणारा,
दादा

*

खोलीवरून,
ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि., आज वाकून.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझं ऐकलं नाही. मी सही केली नाही. साहेबांनी दुसरी मुलगी घेतली. मी सध्या बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांची मापं घेते. घरी कमी पाठवते आहे, त्याची मला लाज वाटते, हे खरंच लिहिते.

तुझं म्हणणं पटलं होतं. मोकळ्या दिवशी पळूनही पाहिलं. पण गंमत अशी की कुणी पैसे देत नसतानाही पाय नेमके तेवढ्याच अंतरावर थांबायचे, दम शिल्लक असूनसुद्धा. त्याची मला फार भीती वाटली. महिनाभर रोज त्या जागेवरून पुढे एकेक झाड वाढवत नेलं. हल्ली पहाटे पळताना कुणाचा श्वास पाठीशी नसतो. हवा दुधासारखी असते आणि मी कुणाला जिंकून देत नसते. तुझ्या काचेच्या पोटात फिरल्यासारखं वाटतं.

आठ मार्चला तळ्याची शर्यत पुन्हा आहे. या वेळी माझ्या नावाने उतरते आहे. जिंकणार नाही, ते विसर. फक्त शेवटच्या फितीपर्यंत जायचं आहे. जमेल की नाही, ठाऊक नाही. तू आणि आई या. पुढे, अगदी शेवटी उभे राहा.

राग असला तरी लोभही ठेव,
भिंगरी

*

घरून,
ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
आईचे आणि माझे आशीर्वाद, या वेळी पोटऱ्यांसकट.

काल आम्ही तुला न भेटताच परतलो, म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. आम्ही आलो होतो गं. मी आईला फितीकडे न्यायला निघालो, पण ती ऐकेल तर शपथ. माझा हात ओढत मला थेट पिवळ्या खांबापाशी घेऊन गेली. मी परोपरीने सांगितलं की भिंगरी आज इथे थांबणार नाही. तिने मान डोलावली आणि पिशवीतून तुझा स्वेटर काढला.

तू आलीस. कितव्या क्रमांकावर होतीस ते मी मोजलं नाही. आई स्वेटर उघडून, दोन्ही हात पसरून पुढे झाली. तू आमच्याकडे पाहिलंही नाहीस. तुझ्या पावलांचा आवाज पुलाकडे गेला आणि पाण्यावर कुठेतरी विरला. आई तशीच हात पसरून उभी. आम्ही पुढे पोचलो तोवर फीत गुंडाळली होती, माणसं पांगली होती आणि आमची शेवटची गाडी सुटायला आली होती. फितीपाशीच्या माणसाने तू पोचल्याचं सांगितलं. मला रडू आलं, हे कारखान्यात कळता कामा नये.

गाडीत आईने स्वेटरची घडी घालून तो मांडीवर ठेवला. मग म्हणाली, इतकी वर्षं तिला वाटायचं की आपली पोर तिथे थकते. दर वेळी तिथेच थकते. पोरीला वाईट वाटू नये म्हणून तिने कधी विचारलं नाही.

तुझा,
दादा