साय काढलेले दूध

अमरावती,
१४ डिसेंबर १९६९

चि. चिंतामणास, ताईचे आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शेंदूरजन्याची संत्री आली आहेत. अर्धी तुला अकोल्याला पाठवते. गुडघा बरा आहे, विचारलेस म्हणून लिहिले.

माझ्याकडे राहणाऱ्या तुझ्या लेकीचा, चारूचा प्रयोग फसतो आहे, हे खरे. घरच्या गाईच्या दुधातून ती एक एन्झाइम वेगळे काढते. ते आयोडीनला प्रथिनाशी जोडते. असे प्रथिन पुढे शरीरात नेमके रोगाच्या गाठीवर जाऊन बसावे, गाठ फोटोत दिसावी, औषधही तिथेच पोचावे, अशी तिच्या सरांची कल्पना. जानेवारीपर्यंत जोडणी जमली तर मुंबईची संशोधनाची जागा तिची. नाही तर तू आणलेले दर्यापूरचे स्थळ. पण दिवाळीपासून आयोडीन जोडलेच जात नाही. पोर धड जेवत नाही.

आज सकाळी अवेळी स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकाची पार्बताबाई चारूच्या डब्यातले दूध उकळत होती. का, म्हणून विचारले.

"चारूताई म्हने, साय काढून देत जा. आता उकयल्याबिगर साय येते का, बाई?"

चारूला कच्च्या दुधावरची मलई काढून हवी होती. वेगळे सांगावे लागेल हे तिला सुचले नाही. कढत दुधात विरजण मरते, तसे उकळीने हे एन्झाइम मरते. दूध गार करून दिले की ओळखू येत नाही, आणि घरच्या दुधावर कोण संशय घेतो? पार्बताबाईला मी काय बोलणार? आपल्याकडे साय अशीच निघते.

पण ती पुढे म्हणाली, "दूध उकयून देते म्हनून दिवाळीत साहेबाले सांगतलं होतं मी. ते म्हने, तसंच चालू दे."

साहेब म्हणजे तू. त्याच दिवाळीत हे विरजणाचे उदाहरण चारूने तुला माझ्यादेखत दिले होते. तू मान डोलावलीस. विसरलास? तू वकील माणूस, साक्षीदाराचा शब्द न् शब्द लक्षात ठेवणारा. की मुलगी मुंबईला जाऊ नये म्हणून? पण चारूच्या आईचे, सिंधूवहिनीचे औषध अंगभर फिरले आणि गाठ तशीच राहिली, तेव्हा "यावर कोणी काही शोधत का नाही" म्हणून रडणारा तूच ना? चारूला सायन्सला घालणाराही तूच. मला काही कळेनासे झाले आहे. शाळेत मी मुलींचे खोटे चेहऱ्यावरून ओळखत असे.

उद्यापासून दूध मी स्वतः देईन, कच्चे. चूक स्वयंपाकघरात झाली, एवढेच चारूला सांगेन. पुढचे तू सांगायचे, तिच्यासमोर बसून. दर्यापूरला होकार कळवू नकोस. रविवारी ये.

अजून तरी तुझी,
अनसूयाताई